उपम्याला मिळालेलं बक्षीस

घरी अचानक पाहुणे आले आणि डब्यात चिवडा-लाडू काहीच नसलं, की आपण काय करतो? रवा भाजायला घेतो. कांदा, मिरची, कढीलिंब, मोहरीची फोडणी, आधणाचं पाणी, आणि पंधरा मिनिटांत उपमा तयार! पण तेच पाहुणे आठ दिवस आधी कळवून येणार असले, तर मात्र उपमा करायचं धाडस होत नाही. "इश्श! एवढे लांबून आले आणि उपमा काय ठेवायचा त्यांच्यापुढे?" असं आपणच म्हणतो. कुणी त्याला सांजा म्हणतं, कुणी उप्पीट. नाव काहीही असो, हा पदार्थ अडीअडचणीचा. त्याच्यावर भिस्त सगळी, पण मान मात्र नाही.

म्हणूनच फ्लॉइड कार्डोझ या गृहस्थांची हकिगत मला तुम्हाला सांगावीशी वाटते. हे मूळ गोव्याकडच्या कुटुंबातले, जन्म मुंबईचा, १९६० सालचा. अमेरिकेतल्या टीव्हीवर 'टॉप शेफ मास्टर्स' नावाची स्पर्धा असे. तिथे नवशिके नसत, चांगले नाव कमावलेले बल्लवाचार्यच एकमेकांसमोर उभे राहत. कधी ठरावीक वेळ, कधी हातात दिलेलं भलतंच सामान, आणि समोर चाखून-चाखून जिभा तयार झालेले परीक्षक. २०११ साली या स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात कार्डोझ अंतिम फेरीत पोचले. समोर दोन नावाजलेल्या अमेरिकन बायका होत्या, दोघीही स्वतःच्या हॉटेलांच्या मालकिणी. शेवटच्या जेवणात परीक्षकांपुढे काय ठेवावं या माणसाने? उपमा!

हो, आपलाच उपमा. त्यात रानअळंबी होती, नारळाचं दूध होतं, कोकमाची आंबटसर चव होती. इटलीकडचे लोक मक्याच्या रव्याचं घट्टसर खिमट करतात, त्याला पोलेंटा म्हणतात. तिकडच्या मंडळींना कळावं म्हणून कार्डोझनी आपल्या पदार्थाला उपमा-पोलेंटा असं जोडनाव दिलं. पण त्या जोडनावात उपमा पहिला होता, बरं का! त्या जेवणावर त्यांनी स्पर्धा जिंकली. एक लाख डॉलरचं बक्षीस होतं. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे ते स्वतःच्या खिशात न जाता आवडीच्या सत्कार्याला द्यायचं असे. कार्डोझनी ते कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांच्या निधीला दिलं.

शास्त्रज्ञांनाच का, याचं कारण मला ठाऊक नाही. पण एवढं खरं, की ते स्वतः शास्त्राचेच विद्यार्थी. मुंबईत जीवरसायनशास्त्र शिकलेले. आर्थर हेली यांची 'हॉटेल' ही कादंबरी वाचून त्यांचं मन त्या व्यवसायाकडे ओढलं गेलं, असं सांगतात. प्रयोगशाळा सुटली आणि ते मुंबईच्या हॉटेल व्यवसायाच्या संस्थेत दाखल झाले. पुढचं शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये. मग न्यूयॉर्क. तिथे 'लेस्पिनास' नावाच्या बड्या हॉटेलात ग्रे कुंझ या आचाऱ्याच्या हाताखाली खालच्या पायरीपासून काम करत ते वर चढले.

इथे थोडं थांबते, कारण हाच प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात आला होता. माझ्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "काकू, मला हॉटेलच्या कोर्सला जायचंय." ताटावर एकदम शांतता. मामंजींनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे आचारी होणार?" भावजींनी तर विषयच बंद केला.

मला हसावं की रडावं कळेना. ज्या घरात आम्ही दोघी जावा दिवसातून दोनदा नऊ माणसांचं रांधतो, त्या घरात 'आचारी' हा शब्द असा उच्चारला गेला! बाईने केलं तर ते कर्तव्य, म्हणून त्याला मोल नाही. पुरुषाने करायचं म्हटलं तर ते हलकं, म्हणून त्यालाही मोल नाही. मुलीला स्वयंपाक येत नसेल तर तिच्या आईचा उद्धार, आणि मुलाला आवडत असेल तर त्याची चेष्टा. मग या कामाला प्रतिष्ठा मिळायची तरी केव्हा? टीव्हीवर कुणी पांढरी टोपी घालून तेच करू लागलं म्हणजे?

जाऊबाई म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस, तू सांग यांना." मी कार्डोझ यांची गोष्ट सांगितली, पण अर्धी सांगितली नाही, पुरती सांगितली. कारण पुरती गोष्ट काही गुलाबी नाही.

१९९८ साली न्यूयॉर्कमध्ये 'तबला' नावाचं हॉटेल निघालं, त्याचे ते मुख्य बल्लवाचार्य. भारतीय मसाले आणि तिकडच्या भाज्या, तिकडचे मासे, असा मेळ त्यांनी घातला. तोवर तिथल्या लोकांना भारतीय जेवण म्हणजे एकाच लाल रश्शातलं सगळं, असं वाटे. 'तबला'ला मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी वाखाणलं. बारा वर्षं ते चाललं आणि २०१०च्या अखेरीस बंद पडलं. बारा वर्षांचा संसार मोडल्यासारखंच की हो! त्यानंतरच्या वर्षी, वयाच्या पन्नाशीत, हा माणूस टीव्हीवरच्या स्पर्धेत उतरला. हरले असते तर साऱ्या देशापुढे हरले असते.

आणि जिंकल्यावर तरी सगळं सरळ झालं का? नाही. २०१६ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 'पाववाला' नावाचं हॉटेल काढलं. पुढे त्याचं नाव बदलून 'बॉम्बे ब्रेड बार' केलं, आणि २०१९ साली तेही बंद झालं. म्हणजे बक्षीस एका दिवसाचं, आणि धंदा रोजचा. हे मी पुतण्याला मुद्दाम सांगितलं. टीव्हीवर फक्त टाळ्या दिसतात. बारा-बारा तास उभं राहणं, भाजलेले हात, दिवाळीच्या दिवशीही कामावर जाणं, हे कुणी दाखवत नाही.

शेवटी आमच्याकडे मधला मार्ग निघाला. बी.एस्सी. पुरी करायची, आणि तोपर्यंत दर रविवारी संध्याकाळचा स्वयंपाक त्याचा. नुसता फोडणीपुरता नव्हे, तर चितळे रोडवरून भाजी आणण्यापासून कढया घासून ओटा पुसण्यापर्यंत. पहिले दोन रविवार मामंजी मुकाट्याने जेवले. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "मीठ बरोबर पडलंय." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्रक आजवर कुणाला मिळालेलं नाही, मला तर लग्नाला चौदा वर्षं झाली तरी नाही!

स्पर्धांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या महिला मंडळांतल्या पाककृती स्पर्धांबद्दलही बोलायला हवं. मी शाळेत शिकवते, म्हणून आमच्या भागातल्या स्पर्धेत गुणांची बेरीज करायचं काम माझ्याकडे असतं. एका वर्षी गुणपत्रिका अशी होती : सजावट दहा, नावीन्य दहा, चव दहा. म्हणजे तीस गुणांत चवीला फक्त दहा! टेबलावर काय एकेक प्रकार होते. गाजराची फुलं, काकडीची होडी, चीज घातलेला तिरंगी केक. सगळ्यात शेवटी एक बाई स्टीलच्या डब्यात हुलग्याची शेंगोळी घेऊन उभ्या होत्या. आपल्या नगरकडची अस्सल शेंगोळी, लसणाच्या फोडणीची, वरून कच्च्या तेलाची धार. परीक्षक पुढे आल्या तशा त्या बाई आपणहून म्हणाल्या, "फार काही नाही हो, घरचंच आहे." परीक्षकांनी अर्धा चमचा चाखला, "छान आहे, पण यात नवीन काय?" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. चवीला नऊ मिळाले. सजावटीला दोन, नावीन्याला एक. बेरीज मीच केली : बारा.

'घरचंच आहे' हे शब्द मला फार लागले. कार्डोझ उपमा घेऊन उभे राहिले तेव्हा घरचंच होतं की तेही! फरक इतकाच, की त्यांनी क्षमा मागितली नाही. रवा कसा भाजायचा, कोणत्या क्षणी पाणी घालायचं, तो किती मऊ ठेवायचा, हे त्यांना आपल्यासारखंच ठाऊक होतं. त्या ज्ञानाला त्यांनी ज्ञान मानलं. आपण मानत नाही. परीक्षकाने नाव ठेवायच्या आधी आपणच आपल्या पदार्थाला नाव ठेवून मोकळ्या होतो.

पुढच्या सभेत मी गुणपत्रिका बदलायचं सुचवलं. थोडी कुरबुर झाली, पण आता चवीला वीस, आणि सजावट व नावीन्य पाच-पाच, असं ठरलं आहे. शिवाय प्रत्येकीने आपल्या पदार्थाबद्दल दोन वाक्यं सांगायची, आणि त्यात 'फार काही नाही' हे शब्द नकोत, असा नियमच केला आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण हवं असेल, तर नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचं घ्या. २०२० साली, सत्तरीच्या घरात असताना, त्यांच्या नातवाने, यश पाठकने, त्यांचा स्वयंपाक यूट्यूबवर दाखवायला सुरुवात केली. नाव साधं, 'आपली आजी'. त्यांच्या कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. कारल्याची भाजी, बरं! त्याच वर्षी ऑक्टोबरात कुणा चोरट्याने त्यांचं चॅनेल पळवलं होतं, ते चार दिवसांनी परत मिळालं, तेव्हा कुठे आजींच्या जिवात जीव आला. ज्या बाईने आयुष्यभर चुलीपुढे काढलं, तिच्याकडे जगाला शिकवण्यासारखं काही आहे, हे आधी तिच्या नातवाला दिसलं. आपल्या घरातल्या मुलांना ते दिसतं का?

कार्डोझ यांच्या गोष्टीचा शेवट मात्र दुःखाचा आहे. परदेशात नाव काढून ते मुंबईकडे वळले होते. २०१५ साली दोन तरुण भागीदारांबरोबर त्यांनी लोअर परळला 'द बॉम्बे कँटीन' सुरू केलं. आपल्याकडच्या भाज्या, आपल्याकडची धान्यं, घराघरांतले विसरलेले पदार्थ तिथे मानाने ताटात आले. २०१७ साली गोव्याच्या जेवणाचं 'ओ पेद्रो' निघालं. २०२०च्या मार्चमध्ये ते मुंबईहून अमेरिकेला परतले आणि २५ मार्चला न्यू जर्सीत करोनाने त्यांचं निधन झालं. वय अवघं एकोणसाठ. इथे आपण टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी घरात बसून डब्यांतला रवा-डाळ किती दिवस पुरेल ते मोजत होतो, तोच तो दिवस.

आता थोडं कामाचं. मी त्यांच्या पदार्थावरून आपल्या ओट्याला जमेल असा उपमा करून पाहिला. तुम्हीही करून पाहा. एक वाटी रवा मंद आचेवर, रंग न बदलता, खमंग वास सुटेपर्यंत भाजा. बाजारात अळंबीची पाकिटं मिळतात, ती पुसून चिरा आणि वेगळ्या कढईत मोठ्या आचेवर परता. मीठ शेवटी घाला, नाहीतर पाणी सुटून ती शिजतात, परतली जात नाहीत. नेहमीच्या फोडणीवर कांदा परतून दोन वाट्या पाणी उकळा, रवा सोडा, वाफ आणा. मग वाटीभर नारळाचं दूध घालून आच अगदी बारीक ठेवा. जोरात उकळलं तर ते फुटतं. तीन-चार आमसुलं आधीच कोमट पाण्यात भिजवून ठेवा आणि त्यांचं चमचाभर आगळ गॅस बंद केल्यावर वरून घाला. अळंबी पसरून लगेच वाढा. हा उपमा मुदीचा होत नाही, सैलसर असतो, तेव्हा खोलगट वाटीत द्या.

आणि वाढताना एक पथ्य पाळा, मैत्रिणींनो. पाहुण्यांनी पहिला घास घेईपर्यंत गप्प राहा. 'घाईत केलाय', 'आज जरा बिघडलाच', 'काही विशेष नाही हो', यातलं एकही वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. काय म्हणायचं ते खाणाऱ्याला म्हणू द्या.