गाण्याचा भाव पाच डॉलर

पंक रॉक म्हटले की रंगवलेले केस, फाटके कपडे आणि कानठळ्या बसवणारी गिटार डोळ्यांपुढे येते. दारू आणि नशापाणीही त्यातच धरले जाते. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात १९६२ साली जन्मलेल्या इयान मॅके या गायकाने मात्र वेगळीच वाट धरली.

शाळा संपता संपता त्याने मित्रांबरोबर 'टीन आयडल्स' ही मंडळी उभी केली. कार्यक्रमाचे पैसे कोणी वाटून घेतले नाहीत. सगळे एका डब्यात साठवले. १९८० साली ही मंडळी मोडली तेव्हा डब्यात सुमारे ६०० डॉलर होते. त्यातून त्यांनी आपली रेकॉर्ड काढली. तिची वेष्टने मित्रांनीच घरी कापून चिकटवली. 'डिसकॉर्ड' या त्यांच्या कंपनीची ही सुरुवात. त्या काळात मॅके आईस्क्रीमच्या दुकानात नोकरीही करत होता.

माझी मुलगी दहावीत आहे आणि गिटार शिकते. "पप्पा, गाण्यावर पोट भरतं का?" असे तिने विचारले, तेव्हा मी तिला या माणसाचा हिशेब सांगितला. मी कारकून माणूस. वस्तीतल्या कार्यक्रमांची जमाखर्चाची वही माझ्याकडेच असते. त्यामुळे कीर्तीपेक्षा माझे लक्ष आकड्यांकडे आधी जाते.

मॅकेच्या 'फुगाझी' या मंडळीचा पहिला कार्यक्रम १९८७ साली झाला. पुढे नाव झाले, गर्दी वाढली, तरी अमेरिकेत तिकीट बहुतेक ठिकाणी ५ डॉलरच राहिले. हे परवडले कसे? मॅनेजर नव्हता, कार्यक्रमांची बोलणी मॅके स्वतः करी. प्रवास साधा, डामडौल नाही. दारू विकणाऱ्या क्लबांत लहान वयाच्या मुलांना प्रवेश नसे, म्हणून कोणत्याही वयाच्या श्रोत्याला आत सोडण्याची त्यांची अट असे. रेकॉर्डच्या वेष्टनावर टपालखर्चासह किंमत छापलेली असे. मोठ्या कंपन्यांनी बोलावले, तरी ते गेले नाहीत. डिसकॉर्डमध्ये कलावंतांशी लेखी करार नसे. शब्दावर व्यवहार चाले आणि नफा वाटला जाई.

त्याआधी 'मायनर थ्रेट' या मंडळीत असताना मॅकेने १९८१ साली नशेपासून दूर राहण्यावर एक गाणे केले. 'स्ट्रेट एज' हे त्याचे नाव. त्यावरून जगभर तरुणांची चळवळच उभी राहिली. पण आपल्याला कोणावर नियम लादायचे नव्हते, असे तो नेहमी सांगत आला. व्यसनावर बोलताना आपण कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पोराला चारचौघांत झापून त्याची बाटली सुटत नाही.

फुगाझी २००२ नंतर थांबली. २०११ पासून त्यांनी आपल्या शेकडो जुन्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे लोकांसाठी खुली केली. त्यांचीही सुचवलेली किंमत ५ डॉलरच!

मुलीला मी सांगितले, "बाई, गिटार शीक, शिक्षणही पुरे कर. पोट भरेल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. पण उद्या तुझा कार्यक्रम झाला, तर नाक्यावरच्या हमालाच्या पोराला आत येता येईल एवढंच तिकीट ठेव. हिशेब जुळवायला मी आहे."