ठेका आणि पाऊल

मुलांनो, 'लेझीम' हा शब्द अस्सल मराठी आहे, असे तुम्हांला वाटत असेल. उर्दूचा एखादा मोठा शब्दकोश उघडून पाहा. त्यात 'लेज़म' हा फारसीतून आलेला शब्द सापडेल. तिरंदाजीच्या सरावाचे नरम धनुष्य, दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले कसरतीचे धनुष्य, असा त्याचा अर्थ. ते धनुष्य आखाड्यात आले, आखाड्यातून गावच्या मिरवणुकीत गेले आणि तेथून शाळेच्या मैदानावर आले. आजही लेझीम शिकवताना 'चार आवाज', 'दो रुख' असे हुकूम दिले जातात. 'रुख' म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको. उलट मराठी शाळेतल्या मुलांना ते तुम्हीच सांगू शकाल!

मी मराठी शिकवतो, पण बी.एड.च्या वर्षी लेझीम हातात घेतली, ती सुटली नाही. दर जानेवारीत मुलांबरोबर मैदानावर उतरतो. दरवर्षी एकच तक्रार ऐकतो, "सर, हलगी फार जोरात पळते." हलगी खरोखर पळते का, ते आपण पाहू.

लय आणि ताल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठोके किती वेगाने पडतात, ती लय. किती ठोक्यांनंतर पुन्हा 'एक' येतो, तो ताल. लय समजण्यासाठी एक दगड दोरीला बांधा आणि टांगा. टांगलेल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर 1 मीटर अंतर ठेवा. हलकेच झोका दिलात, की दगडाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला जवळजवळ 1 सेकंद लागेल. म्हणजे मिनिटाला 60 ठोके. आता दोरी अर्धी केली तर ठोके दुप्पट होतील, असे वाटते ना? तसे होत नाही. दुप्पट ठोक्यांसाठी दोरी पाव करावी लागते. 25 सेंटीमीटरची दोरी मिनिटाला 120 ठोके देते. संचलनात 'तेज चल'ची चाल साधारण अशीच असते.

या 120 च्या चालीवर चार मात्रांचे साधे पाऊल टाकून पाहा. एकला डावा पाय पुढे, दोनला उजवा त्याच्याजवळ, तीनला उजवा मागे, चारला डावा त्याच्याजवळ. प्रत्येक पावलाला अर्धा सेकंद मिळतो. लय 150 वर गेली की 0.4 सेकंदच उरतो. तेवढ्या वेळात लांब ढांग टाकून अंग सावरता येत नाही. म्हणून लय वाढली की पाऊल आखूड करायचे. पुष्कळ मुले नेमके उलटे करतात. जोश चढतो, ढांग लांबते आणि पुढचा ठोका निसटतो.

हलगीवाल्याची गंमत निराळीच. तो खेळापूर्वी हलगी जाळावर शेकतो, कातडे ताणले जाते आणि आवाज खणखणीत निघतो. मग तो दोन काड्यांनी एका मात्रेत कधी दोन, कधी चार ठोके भरतो. नवखी मुले त्या प्रत्येक ठोक्यामागे धावतात. पण तेव्हा लय बदललेली नसते. मधली जागा भरलेली असते, एवढेच. अशा वेळी ठोके मोजू नका, जोरदार 'एक' तेवढा पकडा. "हलगी पळते" या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथे असते.

एकदा मात्र तक्रार वेगळी आली. आमच्या वर्गात एका मुलाला फार कमी ऐकू येत असे. तो रांगेच्या शेवटी उभा होता. शेजारची मुले म्हणाली, "हा सगळ्यांच्या आधी पाऊल टाकतो, याला काढा." तो मान खाली घालून उभा राहिला. लेझीम मात्र त्याने हातातून सोडली नाही. मी शेवटपर्यंत चालत गेलो. हलगीवाला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चौथऱ्यावर उभा होता, सुमारे 70 मीटर दूर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे ठोका शेवटच्या मुलांपर्यंत पोहोचायला सेकंदाचा पाचवा भाग लागत होता. प्रकाशाला असा उशीर होत नाही. हा मुलगा कानांवर विसंबतच नव्हता. हलगीवाल्याचा हात पाहून पाऊल टाकत होता. तो वेळेवर होता, बाकीची रांग मागे होती!

मी हलगी मैदानाच्या मध्यावर आणवली. उशीर निम्म्यावर आला. शेवटच्या दहा मुलांनी त्या मुलाच्या पायांकडे पाहून चालायचे ठरवले. तक्रार करणाऱ्यांत जो सर्वांत पुढे होता, तोच त्याच्या शेजारी उभा राहिला. 1982 साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाला लेझीम झाली होती. एवढ्या मोठ्या मैदानावर सर्वांचे पाऊल एकत्र पाडायला किती सराव करावा लागला असेल, याचा विचार तेव्हापासून माझ्या मनात येतो.

आणखी एक प्रयोग उरला. चार मोजत चाललात, तर 'एक' नेहमी एकाच पायावर येतो. आता 'एक-दोन-तीन, एक-दोन-तीन' असे मोजत चाला. पहिला 'एक' डाव्या पायावर येईल, दुसरा उजव्यावर, तिसरा पुन्हा डाव्यावर. युरोपातला वॉल्ट्झ नाच असाच तीन मात्रांचा असतो, म्हणून त्यात भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर पडतो. मधल्या सुट्टीत बाके थोडी सरकवा आणि फळ्यापासून दारापर्यंत दोन्ही चाली चालून पाहा. मोजणे मोठ्याने करा. शेजारचा वर्ग रिकामा आहे ना, तेवढे आधी बघा.