तंजावरच्या भिंतीवरील एकोणीस फूट

तंजावरला बृहदीश्वराच्या दर्शनास गेलेला मराठी प्रवासी बहुधा आधी ओवरीच्या भिंतीकडे वळतो. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविलेला मराठी शिलालेख तेथे आहे. परक्या मुलुखात आपली अक्षरे भेटल्याचा आनंद काही वेगळाच! पण त्या भरात मुख्य विमानाच्या जोत्यावरील तमिळ लेखांकडे दुर्लक्ष होऊ नये. राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास हे देवालय पूर्ण केले. त्याने दिलेले दागिने, जमिनी, आणि देवाच्या सेवेस आणलेल्या ४०० नर्तिका, यांची नोंद तेथे दगडात आहे.

१८५८ साली लिनीअस ट्राइप या मद्रास इलाख्याच्या सरकारी छायाचित्रकाराने या लेखांची २१ छायाचित्रे घेऊन ती एकास एक जोडली. सुमारे १९ फूट लांबीचा तो पट पाहून प्रथमदर्शनी कोणीही म्हणेल, दगड आणि अक्षरे, यात पाहण्यासारखे ते काय?

ट्राइपची देवालयांची बहुतेक चित्रे कागदी निगेटिव्हवरची आहेत. कागदात मेण मुरविले की तो पारदर्शकासारखा होतो, आणि आधी तयार करून ठेवून कोरडाच वापरता येतो. बैलगाडीने फिरणाऱ्या माणसास ही मोठीच सोय. मात्र प्रकाश मिनिटेच्या मिनिटे द्यावा लागे. त्याच्या चित्रांतील देवळे ओस दिसतात, त्याचे एक कारण हेच: हलता माणूस कागदावर उमटतच नसे. शिवाय त्या काळचे रसायन निळ्या रंगास फार लवकर आणि हिरव्यास फार सावकाश भुले. आकाश कोरे पडे, झाडे काळवंडत. तेव्हा ट्राइप निगेटिव्हवर कुंचल्याने ढग आणि पानांवरचा उजेड रंगवी. हे कळल्यावर काही जणांचा विरस होतो. माझा झाला नाही. उलट त्या ढगांत मला चित्रकाराचा हात दिसू लागला.

शिलालेखाच्या पटात ही मोकळीक चालण्यासारखी नव्हती. तेथे एक रेघ वाढली तर दानाचा आकडाच बदलायचा! शिवाय प्रत्येक चित्रात अक्षरांचा आकार एकसारखा यावा, म्हणून भिंतीपासूनचे अंतर आणि कॅमेऱ्याची उंची जपत पुढे सरकावयाचे. कोरीव अक्षर दिसते ते खाचेतील सावलीमुळे. ऊन समोरून पडले की सावली नाहीशी होते आणि लेख पुसल्यासारखा वाटतो.

हिवाळ्यात गेलात तर सकाळी दक्षिणेच्या बाजूस उभे राहावे. उन्हाची तिरीप भिंतीला घासून जाते आणि ओळीमागून ओळ वर येते. पश्चिमेकडे दुपार कलू लागताच हाच खेळ थोडा वेळ चालतो. उत्तरेच्या भिंतीस मात्र त्या महिन्यांत ऊन लाभत नाही. तेथे डोळा सावलीस सरावेपर्यंत थांबावे लागते.