पाण्याच्या मर्जीने

"समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि चालायचं. चुकण्यासारखं आहे काय त्यात?" केळशी ते हर्णै चालायचं म्हटल्यावर मावशीने केलेलं मार्गदर्शन एवढंच. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर 630 मैलांची पायवाट आहे. तिच्या खांबांवर ओकच्या फळाची खूण असते. आपल्याकडे मुख्यमंत्री असताना अंतुल्यांनी रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं स्वप्न पाहिलं, तेही गाड्यांसाठी. चालणाऱ्याची वाट पाणीच आखतं आणि पाणीच पुसतं, दिवसातून दोनदा.

ती कधी मोकळी होईल हे कळायला मावशीला मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी पंचमी, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती आणि दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. "सातला निघू. आणि वाटेत चहा मागू नकोस."

वरची भुसभुशीत वाळू पोटऱ्या दुखवते, पाण्यालगतची पाय धरून ठेवते. मधली ओली, घट्ट पट्टी तेवढी चालण्याची. ती ओहोटीबरोबर पाण्याकडे सरकते, आणि तिच्याबरोबर आपणही. तिथेच जागोजागी बारीक बिळं होती. नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्यासारखं तेवढं टिपतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून चहूबाजूंना गोळ्यांच्या रांगा पसरलेल्या. आमची चाहूल लागली की सगळे आत. मी सरळ त्यातून चाललो होतो. मावशी वळसा घालत होती. "त्याचं जेवण चाललंय. ताट ओलांडू नये."

उटंबरच्या डोंगराशी वाळू संपली. मग चढ, तापलेला जांभ्याचा सडा, आणि पुन्हा उतार. आड्याला भार्गवरामाच्या देवळात मावशीने हात जोडले आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाण मारून समुद्र मागे हटवला म्हणतात. मग हा रोज दोनदा परत कशाला येतो?" आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या बाईची भक्ती अशीच असणार.

पाडल्याच्या लांबलचक किनाऱ्यावर पाणी आता आमच्याकडे सरकत होतं. मावशी घरात समोर बसली की मास्तरीण होते. शेजारून चालताना मात्र तिचं बोलणं सुटतं, कारण तोंड बघावं लागत नाही. मुख्याध्यापिका म्हणून रत्नागिरीची जागा चालून आली होती, ती तिने सासूच्या आजारपणात सोडली, हे मला तिथे कळलं. मी काही बोलायच्या आत ती थांबली. "ते बघ."

भरतीच्या रेषेच्या वर दीड हात रुंद माग गेला होता. दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे, मध्ये पोट घासल्याची रेघ. रात्री ऑलिव्ह रिडले मादी वर येऊन अंडी घालून गेली होती. कासवमित्रांनी ती आधीच उकरून संरक्षित घरट्यात हलवली असावीत. खड्ड्याभोवती माणसांची पावलं होती. मावशीने मागावर पाय न देता तो पाण्यापर्यंत न्याहाळला. रत्नागिरीचा विषय तिथेच राहिला.

आंजर्ल्याला खाडीवर आता पूल आहे. पूर्वी तरीवाल्याला हाका मारायला लागायच्या, त्यात गंमत होती असं मला वाटतं आणि मावशीला मुळीच वाटत नाही. पाजपंढरीत वाळत घातलेल्या मासळीच्या वासातून आम्ही हर्णैच्या बंदरावर पोचलो तेव्हा लिलाव रंगात आला होता. समोर सुवर्णदुर्ग. 1755 साली पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, असं मी सुरू केलं. "आपलंच आरमार आपण बुडवलं," म्हणून मावशीने तो विषय एका वाक्यात मिटवला आणि पापलेटांच्या पाटीकडे वळली. भाव सहाशे. मावशी चारशेवर अडली. गुडघ्यापर्यंत चिकटलेली वाळू दाखवून म्हणाली, "अगो, केळशीहून चालत आल्ये."

कोळणीने तिला आपादमस्तक पाहिलं. "मग गाडीभाडं वाचलं की, बाई," म्हणाली आणि एक रुपया कमी केला नाही.