पात्याची जागा

काम झाले की विळी आडवी करावी, तिचे पाते भिंतीकडे वळवावे आणि उभी विळी कुणी ओलांडू नये, ही आपल्या स्वयंपाकघरांतली जुनी शिस्त. ती पाकशास्त्राच्या पुस्तकांतून आलेली नाही. जमिनीवर बसून चिरण्याच्या रीतीतून आली. जिथे रांगते मूल आणि उघडे पाते एकाच पातळीवर असतात, तिथे संकेत हेच संरक्षण. पुढे मिटणारी विळी आली आणि संकेताचे निम्मे काम बिजागरीने पत्करले.

ओटा आला, विळी कोपऱ्यात गेली आणि सुरी हाती आली. तिच्याबरोबर असा संकेत मात्र आला नाही. ती खणात, चमचे-पळ्यांच्या गर्दीत पडून असते. बोथट सुरीला हे चालते, जपानी सुरीला नाही. धाकट्या भावाने ओसाकाजवळच्या साकाईहून, सुऱ्यांसाठी शतकानुशतके ख्यातनाम असलेल्या शहरातून, एक सान्तोकू आमच्या पेणच्या घरी आणली, तेव्हापासून हा प्रश्न केवळ चिंतनाचा राहिलेला नाही. आईला काचबिंदू आहे. कडेचे तिला दिसत नाही. ओट्यावर ती हातांनी पाहते.

या सुरीचे पाते कार्बन-पोलादाचे. रॉकवेल मापावर अशा पात्याची कठीणता साठच्या पुढे असते, म्हणून धार फार पातळ करता येते आणि ती टिकतेही. पण जे कठीण ते ठिसूळ. खणात पळीवर आपटले की धारेचा कपचा उडतो. शिवाय गंज रोखण्याइतके क्रोमियम त्यात नसते. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या, खाडीचा खारा वारा खाणाऱ्या आमच्या भागात ओली सुरी रात्रभर राहिली, तर सकाळी तांबूस डाग ठरलेला. म्हणजे हाताला पात्यापासून जपायचे आणि पात्याला ओलीपासून.

जपानी घरांत सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून सुऱ्यांची खोबण असते. आमच्याकडे नेमकी तीच जागा सर्वांत दमट. भिंतीवरची चुंबकपट्टी कोरडी खरी, पण तिच्यावर पाते उघडेच. हातांनी पाहणाऱ्या माणसासाठी ती नव्हे. उरले ‘साया’, म्हणजे लाकडी म्यान. ते परंपरेने ‘हो’ या मॅग्नोलियाच्या जातीच्या झाडापासून करतात. आई त्याला ‘सुरीचे झबले’ म्हणते.

म्यानही ओल धरते. म्हणून सुरी वापरताक्षणी धुवायची, मुठीच्या सांध्यापर्यंत पुसायची, पूर्ण सुकल्यावरच म्यानात घालायची. चार दिवस लागणार नसेल तर पात्याला तेलाचे बोट. पावसाने उघडीप दिली की रिकामे म्यान वाऱ्यावर. खरकट्या भांड्यांत सुरी कधीच टाकायची नाही. तिथे भांडी घासणाऱ्या मावशींचा हात जातो आणि फेसाखाली पाते दिसत नाही. तिचा खण वेगळा, मूठ नेहमी पुढे.

शेवटचा नियम आईने स्वतः घातला. ओट्याशी उभी राहण्याआधी ती त्या खणात हात घालते. म्यान रिकामे लागले, तर दुसऱ्या कशालाही हात लावण्यापूर्वी मोठ्याने विचारते, “पाते कुठे आहे?” आणि ज्याच्या हाती सुरी असेल, त्याने तिथूनच ओ द्यायची.