मास्तरांची पायपेटी

लघु-गुरूचे भान मला शाळेतल्या वृत्तांच्या धड्यातून आले नाही. ते आले अहमदनगरच्या एका चर्चमधील मुलांच्या गायनवर्गात. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण मी ज्या काळाविषयी लिहीत आहे त्या १९७० नंतरच्या दशकात सगळेच त्याला नुसते 'नगर' म्हणत. शब्बाथशाळा सुटली की मास्तर आम्हां पंधरा-वीस मुलांना मागे ठेवून घेत. आठवडाभर ते एका कचेरीत कारकुनी करीत. रविवारी व्यासपीठाशेजारच्या जुन्या पायपेटीपुढे बसत. पेटीचा भाता गळका होता. सूर टिकवायचा तर पाय दुप्पट वेगाने चालवावे लागत, आणि तरीही हात मात्र संथ. ही कसरत आम्हांला प्रवचनाहून अधिक विलक्षण वाटे.

आमच्या पुस्तकात दोन प्रकारची गीते शेजारी शेजारी नांदत होती. काही मिशनऱ्यांबरोबर आलेल्या पाश्चात्त्य चालींवर बसवलेली, तर काही अभंग-ओवीच्या आणि पदांच्या घाटाची. या दुसऱ्यांत नारायण वामन टिळकांची पुष्कळ. पहिल्या प्रकारात एक अडचण असे, आणि ती मास्तरांइतकी नेमकी सांगणारा माणूस मला पुढे महाविद्यालयातही भेटला नाही. इंग्रजी पद्य आघातावर चालते, मराठी पद्य अक्षरांच्या ऱ्हस्वदीर्घत्वावर. चालीचा ठोका भलत्या अक्षरावर पडला की ते अक्षर लांबते. 'दया'तला 'द' ताणला जाऊन 'दाया' होतो. 'कृपा'ची 'क्रूपा' होते. असे झाले की मास्तर पाय थांबवीत आणि पेटी उसासा टाकून गप्प होई.

"देवाची दया ऱ्हस्व का दीर्घ?" ते विचारीत.

कोणीतरी भाबडेपणाने 'दीर्घ' म्हणेच.

"दया मोठी असेल रे, पण तिचा 'द' लहान आहे. त्याला लहान राहू द्या."

मग ते चालच किंचित वाकवीत. 'द' ठोक्याच्या अलीकडे उचलायचा आणि ठोका 'या'वर घ्यायचा. एवढ्याशा फरकाने परके वाटणारे गीत एकदम आमच्या बोलण्यासारखे होई.

फळ्यावर ते एका बाजूला 'सा रे ग म' लिहीत, दुसऱ्या बाजूला 'दो रे मी फा'. टॉनिक सोल्फा पद्धतीत 'दो' एका जागी खिळलेला नसतो. गीताच्या पट्टीप्रमाणे तो सरकतो, आपला षड्ज सरकतो तसाच. हे साम्य दाखवताना त्यांचा चेहरा खुले. मंडळीत त्या काळी यावरून बरीच धुसफूस होती. काही वडीलधाऱ्यांना उपासनेत तबला आणि झांजा खपत नसत. काही तरुणांना पायपेटी म्हणजे गोऱ्या साहेबाचे वाद्य वाटे. (ज्या पायपेटीने आमची संगीत नाटके पेलली तिला परके म्हणणे मला आजही गमतीचे वाटते.) टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. या वादात त्यांचे नाव वारंवार निघे. मास्तर त्यात पडत नसत. ते पुढचे गीत काढीत.

नव्वदच्या दशकात आमच्या चर्चमध्ये इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. बटण दाबले की ताल तयार. पायपेटी मागच्या खोलीत गेली. मास्तरांनी तक्रार केली नाही. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाला पट्ट्या समजावून देत ते बाजूला उभे राहत. मला चिंता होती ती निराळीच. आमच्या हातातल्या पुस्तकात शब्द होते, चाली नव्हत्या. कित्येक चाली, आणि विशेषतः त्यांनी वाकवलेल्या जागा, एकट्या त्यांच्या गळ्यात होत्या.

म्हणून १९९६ च्या उन्हाळ्यात मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेले. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले. एकट्याने गायला त्यांनी साफ नकार दिला. "अगं, मी काय गवई आहे? मुलांना घेऊन ये, मग गाऊ." मी भावाची दोन मुले आणि शेजारची चार गोळा करून नेली. दीड तास ध्वनिमुद्रण झाले. पुढे तीन वर्षांनी मास्तर गेले.

त्या ध्वनिफितीत एकही गीत पूर्ण नाही. मुले सुरुवात करतात, दुसऱ्या ओळीत कोणीतरी अक्षर लांबवते, मास्तर थांबवतात, शब्द बोलून दाखवतात, पुन्हा पहिल्यापासून. मध्येच कोणी पाणी मागते. त्यांच्या आवाजात सलग आठ ओळीही मिळत नाहीत. पण कुठे थांबायचे ते मात्र प्रत्येक ठिकाणी मिळते.

त्या गायनवर्गातले आम्ही तिघे अधूनमधून जमतो आणि ती फीत ऐकत चाली कागदावर उतरवतो. आतापर्यंत ११ झाल्या आहेत. त्यांतल्या दोहोंबद्दल आमचे अजून एकमत झालेले नाही.