सहासष्ट नंबरचा रस्ता

आमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्याचा नंबर ६६ आहे, हे गावात चार माणसांना तरी ठाऊक असेल की नाही, याची मला शंका आहे. तरणी पोरे त्याला हायवे म्हणतात, एस.टी.चा कंडक्टर गोवा रोड म्हणतो, आणि म्हातारी माणसे नुसतेच ‘सडकेवर जाऊन येतो’ म्हणून चपला पायांत सरकवतात. पूर्वी ह्याच रस्त्याचा नंबर १७ होता. २०१० साली देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर मिळाले आणि १७ चा ६६ झाला. बारसे झाले, पण नव्या नावाने हाक मात्र कुणी मारली नाही.

मी पडलो शाळामास्तर. मला ह्या नव्या नंबरांचा लळा लागला. जुन्या नंबरांवरून रस्ता कोणत्या दिशेने धावतो हे समजत नसे. नव्यांत शिस्त आहे. उत्तर-दक्षिण जाणारे रस्ते सम, पूर्व-पश्चिम जाणारे विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत येतात: २ ईशान्येच्या डोंगरांत, ४४ देशाच्या मध्यातून, आणि ६६ थेट आमच्या समुद्राच्या काठाने, पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत. विषम आकडे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात: १ काश्मीर-लडाखात, ८७ धनुष्कोडीला. आकडे तीन असले की तो फाटा समजावा; शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. म्हणून रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे चढतो तो १६६.

हे सारे मी वर्गात फळ्यावर नकाशा काढून शिकवतो. श्रीनगरहून निघालेला ४४ आणि सुरतेजवळच्या हजिऱ्याहून पारादीपला जाणारा ५३, हे दोघे भेटतात कुठे? पोरे नकाशावर बोटे फिरवतात आणि ‘नागपूर!’ म्हणून ओरडतात. मास्तराला आणखी काय हवे?

अशाच एका तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, आमच्या फणसावर ११२ लिवलंय. तो कुठला रस्ता?”

मी काही बोलण्याआधीच एक हुशार पोरगा ओरडला, “१२ चा फाटा!”

नियमाप्रमाणे त्याचे उत्तर बरोबर होते. मी मात्र खडू हातात धरून उभा राहिलो. रस्ता चौपदरी व्हायचा होता. तोडायच्या झाडांच्या साली तासून त्यांवर रंगाने आकडे घातले होते, आणि फणसाला त्यातला ११२ आला होता.

संध्याकाळी घरी नकाशा उघडला. ११२ नंबरचा रस्ता खरोखरच आहे. बंगालात बारासातहून बनगावकडे जातो. लोक त्याला अजून जेसोर रोडच म्हणतात. त्याच्या कडेच्या जुन्या झाडांचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आमचा फणस कुठल्याच न्यायालयात गेला नाही.

आमच्या घरालाही नोटीस आली. तीत गट नंबर होता, चौरस मीटर होते, ‘आंबा २, माड ५’ असे होते. मी आईला ती वाचून दाखवली. आमच्या पडवीत पावसाळ्यात एस.टी.ची वाट पाहणारी माणसे टेकत. आई त्यांना तांब्याभर पाणी देई, कधी चहाही. आईने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “पडवीत कोण बसायचं, ते नाही का रे विचारलं त्यांनी?” नोटिशीत तसा रकाना नव्हता.

म्हणून रस्ता रुंद होऊच नये, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात ह्याच रस्त्यावरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल वाहून गेला. त्याच्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या: एक जयगडहून मुंबईला निघालेली, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. दोन्ही आमच्याच जिल्ह्यातल्या. आमच्या पडवीत बसून माणसे अशाच गाड्यांची वाट पाहत. जून २०१७ मध्ये तिथे नवा पूल उभा राहिला. त्यावरून गाडी जाते तेव्हा मी आजही खिडकीतून खाली पाहतो, आणि पूल भक्कम आहे याचे मला बरे वाटते. पडवी गेल्याचे दुःख त्याने कमी होत नाही. पण त्या दुःखाचा आवाज जरा खाली येतो.

पोरांना मी एक काम लावले. झाडे पडण्याआधी त्यांनी रस्त्याच्या कडेने हिंडून एक वही केली. एका बाजूला रंगाने घातलेला नंबर, दुसऱ्या बाजूला गावाला ठाऊक असलेली हकीकत. १०४, रायवळ आंबा, चोखून खायचा, लोणच्याला वाईट. १०९, वड, याच्याखाली बाजारकरणी टोपल्या उतरत. ११२, फणस, बरका. गरे गोड, पण कापताना हाताला तेल लावावे.

वही शाळेच्या कपाटात आहे. महामार्गांचा धडा आला की मी ती नकाशाशेजारी ठेवतो, आणि मुलांकडून दोन्ही वाचून घेतो.